खूण आणि डाग

खूण आणि डाग ह्या दोन शब्दांतील भेद आमच्या लोकांस समजेनासा झाला आहे, असें म्हणण्याची पाळी आज आली आहे. खूण म्हणजे एकानें दुसऱ्यास दिलेला निरोप. निरोप पोंचला, कीं तिचें काम संपलें. काम संपल्यावरहि जी जागा सोडीत नाहीं ती खूण नव्हे. तो डाग होय. ही व्याख्या ज्यांस मान्य असेल त्यांनीं आपल्या शहरांतील कोणताहि हमरस्ता एकदां डोळे उघडे ठेवून पाहावा. केव्हांच संपलेल्या शर्यतीचे बाण अद्यापि धांवणारांची वाट पाहत आहेत. गतवर्षींच्या मिरवणुकीचा मार्ग यंदाच्या मिरवणुकीस भलतीच दिशा दाखवीत आहे. रक्तदानाचें शिबिर होऊन गेलें, पण त्याची तारीख पुलाच्या कठड्यावर ठाण मांडून बसली आहे. वडाच्या खोडावर कोणत्या तरी मोजणीचा आंकडा आहे, आणि ती मोजणी कोणी केली व कशासाठीं केली हें आतां त्या वडासहि सांगतां येणार नाहीं. ह्या सर्वांचें साधन एकच, तें म्हणजे ऑइलपेंट. आणि वृत्तिहि एकच, ती म्हणजे जागा आपली नसतांना तिजवर आपला कायमचा हक्क बसविण्याची.

येथें कोणी म्हणेल, कीं रस्त्यावरील दोन बाणांसाठीं मासिकाचीं पानें खर्चीं घालण्याइतका हा विषय मोठा आहे काय? आमचें उत्तर असें, कीं सार्वजनिक भिंतीस कोणी धनी आहे असें ज्या समाजास वाटत नाहीं, त्यास सार्वजनिक अशा दुसऱ्या कोणत्याहि वस्तूबद्दल तें वाटत नसतें. नदी, टेंकडी, ग्रंथालयांतील पुस्तक, आगगाडीचें बांक, ह्या सर्वांवर तोच हात फिरत असतो. बाण हें लक्षण आहे. रोग निराळाच आहे. परंतु वैद्यासहि सुरुवात लक्षणापासूनच करावी लागते.

प्रथम हा ऑइलपेंट म्हणजे काय तें पाहूं. लोखंड गंजूं नये, लांकूड कुजूं नये, ह्यासाठीं हा रंग योजलेला आहे. त्यांतील तेलकट राळ हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होत जाते आणि शेवटीं तिची अशी एक कातडी बनते, कीं ती पाण्यानें विरघळत नाहीं व उन्हानें वर्षानुवर्षें पुरती जात नाहीं. दारां-खिडक्यांच्या बाबतींत हा गुण भूषणावह आहे. दगडाच्या बाबतींत तोच घातक ठरतो. दगडाच्या रंध्रांत शिरून बसलेली ही राळ काढावयाची, तर तीव्र रसायनें, तारेचे ब्रश किंवा वाळूचा मारा ह्यांवांचून गत्यंतर उरत नाहीं. आणि ह्या उपायांनीं रंगाबरोबर दगडाची वरची पातळ त्वचाहि निघून येते. म्हणजे रंग राहूं द्यावा तर दगड विद्रूप होतो, आणि काढावा तर दगड जखमी होतो. लिहिणारास दोन मिनिटें पुरतात. पुसणारास दोन दिवस पुरत नाहींत. आणि हा पुसणारा कोण? लिहिणारा तर खास नव्हे. तो नगरपालिकेचा सफाई कामगार असतो, आणि त्याच्या श्रमाचा पैसा तुमच्या-आमच्या घरपट्टींतून जातो. एकाच्या हौसेचें बिल सर्वांच्या नांवें फाडण्याचा हा प्रकार आहे.

ह्या रोगावरील एक उपाय बाजारांत मिळतो, आणि आमच्या लोकांनीं तो विचारपूर्वक हातीं घ्यावा, असें आम्हांस वाटतें. त्याचें नांव खडूचा फवारा. डब्यांतून रंगाचा फवारा उडविण्याची युक्ति अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानाच्या एडवर्ड सीमोर नामक गृहस्थानें १९४९ सालीं काढली. त्या डब्यानें जगाच्या भिंतींचें काय केलें हें कोणत्याहि मोठ्या शहरांतील रेल्वेमार्गाच्या कडेच्या भिंती सांगतील. खडूचा फवारा हें त्याच कुळांतलें, पण अधिक सुस्वभावी अपत्य आहे. त्यांत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, अतिसूक्ष्म भुकटी, थोडें रंगद्रव्य, पाणी किंवा लवकर उडून जाणारा एखादा द्रव, आणि हें सर्व बाहेर ढकलण्यासाठीं दाबून भरलेला वायु, एवढेंच मुख्यतः असतें. भुकटीस धरून ठेवणारें द्रव्य त्यांत मुद्दामच बेताचें घातलेलें असतें. त्यामुळें द्रव उडून गेला कीं भुकटी पृष्ठभागावर नुसती टेंकून राहते, जखडून बसत नाहीं. डांबरी रस्ता, गवत, कांच अशा ठिकाणची खूण पाण्यानें व ब्रशानें निघते, आणि कोणी काढली नाहीं तर पाऊस तिची वासलात लावतो. शर्यतीचा मार्ग, गाड्या उभ्या करण्याच्या रेघा, शाळेच्या क्रीडोत्सवांतील वर्तुळें, जमिनीखालील नळ कोठून गेला आहे हें खोदणारास सांगणारी रेघ, दुकानाच्या कांचेवरील सणासुदीची वेलबुट्टी, पुठ्ठ्याच्या छाप्यावरून मुलांनीं अंगणांत उठविलेलें भलें मोठें चित्र, इतक्या कामांस तो उपयोगी पडतो.

ह्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ‘अहो, पण हा पावसानें जातो!’ हें वाक्य आम्हीं इतक्यांदा ऐकलें आहे, कीं त्यांतील विनोद बोलणारांच्या लक्षांत कसा येत नाहीं ह्याचें आतां आश्चर्यहि वाटेनासें झालें आहे. पावसानें जातो हाच त्याचा गुण! रविवारीं सकाळीं सहा वाजतां सुरू होऊन दहा वाजतां आटोपणाऱ्या शर्यतीचा बाण सोमवारीं दिसण्याचें कारण काय? ऐन पावसाळ्यांत जर शर्यत असेल, तर पहांटे खुणा कराव्या, अगर फलक उभारून नंतर उचलून न्यावे. गरज चार तासांची असतां साधन चाळीस ऋतूंचें वापरणें ह्यास दूरदृष्टि म्हणत नाहींत, आळस म्हणतात.

काम संपतांच नाहींशा होणाऱ्या खुणेचें मोल काय असतें, हें फुटबॉलच्या खेळानें जगास दाखविलें आहे. ह्या खेळांत दंडाची मोकळी लाथ मारावयाची असतां प्रतिपक्षाच्या खेळाडूंनीं चेंडूपासून ९.१५ मीटर दूर राहावें असा नियम आहे, आणि पंचाची पाठ फिरतांच वीतवीत पुढें सरकावें अशी खेळाडूंची जुनी खोड आहे. २०१४ सालीं ब्राझीलमध्यें झालेल्या विश्वचषकांत पंचांच्या कमरेस फेंसाच्या फवाऱ्याचा डबा आला. पंच गवतावर पांढरी रेघ ओढी. खेळाडू तिच्यामागें उभे राहत. आणि लाथ मारून खेळ पुढें गेला, कीं मिनिटभरांत रेघ विरून जाई. तो फेंस खडूचा नव्हता, परंतु तत्त्व तेंच होतें. ती रेघ जर मैदानावर कायम राहती, तर सामना संपेपर्यंत त्या मैदानाचा बुद्धिबळाचा पट झाला असता, आणि कोणती रेघ आतांची व कोणती मघांची ह्यावरूनच मारामाऱ्या झाल्या असत्या. आमच्या रस्त्यांवर आज नेमकें हेंच झालें आहे. पांच शर्यतींचे पांच रंगांचे बाण एका चौकांत एकत्र आले, कीं सहाव्या शर्यतीच्या धांवणाऱ्यानें कोणाचें ऐकावें? खुणा पुसल्या नाहींत, म्हणजे त्या टिकत नाहींत. त्या एकमेकींस खोटें पाडतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. ऑइलपेंटचा एक डबा व एक ब्रश ह्यांवर अख्खा मोहल्ला रंगवितां येतो. फवाऱ्याचा डबा लवकर सरतो, हें खरें. परंतु स्वस्ताईचा हिशेब करतांना तो पुरा करावा. रंग काढण्याचा खर्च ज्यानें रंग लाविला त्याच्याच माथीं बसविला, तर ऑइलपेंटइतकें महागडें साधन जगांत दुसरें सांपडणार नाहीं. तो आज स्वस्त वाटतो ह्याचें कारण एवढेंच, कीं अर्धी किंमत लिहिणारा देतो आणि उरलेली गांवानें द्यावयाची असते.

तिसरा आक्षेप जरा उच्च भूमिकेवरून येतो, आणि तो कलावंतांचा म्हणून त्याचा विचार आदरानें केला पाहिजे. ते म्हणतात, कीं कला चिरंतन असावी. उद्यां पुसून जाणाऱ्या चित्रासाठीं कलावंतानें रक्त कां आटवावें? हा प्रश्न दुसऱ्या एखाद्या देशांत शोभला असता. ज्या देशांत घरोघरीं सडा घालून शिरगोळ्याच्या भुकटीनें रांगोळी काढीत आले, कोंकणांत तर भाताच्या तुसांच्या राखेचीहि रांगोळी घातली, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे तीच केरसुणीनें झाडून नवी रेखाटली, त्या देशांत तरी तो शोभत नाहीं. रांगोळी जाते म्हणून ती कला नव्हे, असें म्हणण्याची कोणाची छाती आहे? उलट ती रोज जाते म्हणूनच काढणाऱ्या बोटांत ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आज कित्येक सुशिक्षित घरांच्या उंबऱ्यांवर प्लॅस्टिकची छापील रांगोळी चिकटविलेली दिसते. ती टिकते, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्या घरांतील मुलींस, आणि मुलांसहि, ठिपके जोडण्याची कला येईल काय, ह्याची मात्र आम्हांस दाट शंका आहे. वस्तु टिकली आणि विद्या गेली, असा हा व्यवहार आहे.

वारल्यांचा लग्नचौक घ्या. गेरूनें सारविलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदुळाच्या पिठाच्या पाण्यानें चौक लिहितात, लग्न होतें, पुढें भिंत पुन्हां सारविली जाते, आणि चौक तिच्या पोटांत जातो. ह्या कलेस दीर्घायुष्य द्यावें असें जेव्हां वाटलें, तेव्हां जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) ह्यांच्यासारख्या कलावंतांनीं काय केलें? दुसऱ्याच्या भिंतीवर ऑइलपेंट फांसला काय? नाहीं. त्यांनीं कागद व कापड हातीं घेतलें. ज्यास चिरंतन राहावयाचें असेल, त्यानें स्वतःचा पृष्ठभाग मिळवावा. उसन्या पृष्ठभागावर उसन्या मुदतीनेंच राहावें. इटलींत मांतुआ शहराजवळ ग्रात्सिए म्हणून एक लहानसें गांव आहे. तेथील देवळापुढच्या चौकांत १९७३ सालापासून ऑगस्टच्या पंधरा तारखेच्या सुमारास रस्त्यावर खडूनें चित्रें काढणाऱ्यांचा मेळा भरतो. गुडघ्यांवर बसून रात्र-रात्र काढलेलीं तीं चित्रें पायांखालीं व पावसांत जावयाचींच असतात, हें काढणारास आणि पाहणारास दोघांसहि ठाऊक असतें. म्हणून कोणी हात आंखडता घेतल्याचें ऐकिवांत नाहीं. फार काय, आमच्या पूर्वजांनीं अंकगणितासारख्या शाश्वत विद्येसहि पाटीगणित व धूलिकर्म अशीं नांवें दिलीं. पाटीवर धूळ पसरावी, तीवर आंकडे मांडावे, पुसावे, पुन्हां मांडावे. धूळ पुसली गेली, गणित राहिलें.

चौथा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि त्यास बगल देणें अप्रामाणिकपणाचें होईल. गडांवर जाणारे तरुण म्हणतात, कीं वाटेवर ठिकठिकाणीं पक्क्या रंगाचे बाण नसतील, तर धुक्यांत वाट चुकून माणसें कड्यावरून जातील. मग दगड मोठा कीं प्राण मोठा? प्राणच मोठा. परंतु ह्यावरून बाण रंगवावा हें सिद्ध होत नाहीं. वाट दाखविण्याची गरज जर कायमची आहे, तर तिचें साधनहि कायमचें असावें, पण तें दगडाहून वेगळें असावें : खांबावरील फलक, रेलिंग, अगर डोंगरांत जाणाऱ्यांस परिचित असलेली दगडांची उतरंड. फलक चुकीचा ठरला तर उपटून हलवितां येतो. पावसाळ्यांत दरड कोसळून वाट बदलली, तर रंगविलेला बाण मात्र पूर्वींच्याच वाटेस, म्हणजे कधीं कधीं थेट दरीसच, बोट दाखवीत राहतो. शिवाय ज्यास जेथें वाटेल तेथें तो बाण काढतो. त्या बाणास ना कर्ता, ना तारीख, ना जबाबदारी. प्राणरक्षणाचें काम अशा निनांवी बाणांवर सोंपविणें हीच खरी बेपर्वाई होय.

आतांपर्यंत आम्ही ऑइलपेंटवाल्यांशीं बोललों. ह्यापुढें खडूवाल्यांशींहि दोन शब्द बोलले पाहिजेत. कारण नवा धर्म स्वीकारणारांचा उत्साह जुन्या पापांहून कमी त्रासदायक नसतो. डब्यावर ‘तात्पुरता’ हा शब्द वाचला, कीं कित्येकांस वाटतें, आतां कोठेंहि, कशावरहि, कितीहि फवारावें, पाणी आहेच! ही समजूत चुकीची आहे. तात्पुरतेपणा हा एकट्या रंगाचा गुण नव्हे; तो रंग व पृष्ठभाग ह्या दोघांच्या संबंधाचा गुण आहे. कांचेवरून जो रंग बोटानें पुसला जातो, तोच सच्छिद्र दगड, कच्ची वीट, जुना चुन्याचा गिलावा किंवा ताजें कांक्रीट ह्यांच्या रंध्रांत शिरला, तर महिनेच्या महिने हटत नाहीं. गडद रंग तर विशेषच. २००१ सालीं आय. बी. एम. ह्या जगद्विख्यात कंपनीनें लिनक्सच्या जाहिरातीसाठीं सॅनफ्रान्सिस्को व शिकागो ह्या शहरांच्या पदपथांवर शांततेचें चिन्ह, हृदय आणि पेंग्विन पक्षी अशीं तीन चित्रें ठिकठिकाणीं उमटविलीं. हा रंग खडूचा आहे, आपोआप जाईल, असा भरंवसा होता. चित्रें गेलीं नाहींत. सॅनफ्रान्सिस्को शहरानें एक लक्ष डॉलर दंड घेतला, आणि सफाईचा खर्च निराळा घेतला. ह्या गोष्टीचें तात्पर्य खडू वाईट असें नाहीं. तात्पर्य असें, कीं विकणाराचा शब्द म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा एकच : त्याच जातीच्या एखाद्या तुकड्यावर आधीं फवारावें, एक दिवस वाळूं द्यावें, साध्या पाण्यानें धुवावें, आणि मग डोळ्यांनीं पाहावें.

ह्यावरूनच गडांचा व लेण्यांचा निकाल लागतो. सह्याद्रीचा काळा दगड पाहावयास वज्रासारखा असला, तरी तो लाव्हा थिजून झालेला; वायूच्या बुडबुड्यांनीं त्यांत पुष्कळ ठिकाणीं लहानमोठीं छिद्रें राहिलेलीं असतात, आणि शतकानुशतकें ऊनपाऊस खाऊन त्याचा पृष्ठभाग खडबडीत झालेला असतो. त्यास बांधणारा चुना तर दगडाहूनहि शोषक. अशा पृष्ठभागावर ऑइलपेंट नको हें सांगावयास नकोच. परंतु खडूहि नको, फवाराहि नको, आणि उत्सवाची रांगोळीहि भिंतीपासून चार हात दूर मातीवरच असावी, असें आमचें स्वच्छ मत आहे. जुलै २०२५ मध्यें रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, पन्हाळा ह्यांसह महाराष्ट्रांतील अकरा आणि तामिळनाडूंतील जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत घेतले. त्या बातमीनें प्रत्येक मराठी घर आनंदलें, आणि आनंदावें अशीच ती बातमी होती. परंतु ज्या हातांनीं पेढे वांटले, त्यांतलेच कांहीं हात दुसऱ्या रविवारीं तटाच्या दगडावर आपलें नांव कोरीत किंवा रंगवीत असतील, तर त्या आनंदास काय किंमत? राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांस विद्रूप करणारास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक लक्ष रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं तशी दुरुस्ती झालेली आहे. म्हणजे कायदा झोंपलेला नाहीं. झोंपलेली आहे ती लाज, आणि तिला जागें करण्याचें काम पोलिसांचें नसून घरांतील वडील मंडळींचें व शाळेंतील शिक्षकांचें आहे. ज्या महाराजांच्या नांवाचा जयजयकार करीत गड चढावयाचा, त्यांच्याच दरवाजावर आपलें आडनांव लिहावयाचें, ह्या भक्तीस काय म्हणावें हें आम्हीं वाचकांवरच सोंपवितों.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. ‘पांढरें तें सर्व खडू’ अशी एक समजूत आहे. शाळेच्या मैदानावर रेघा मारण्यासाठीं आमच्याकडे पुष्कळ ठिकाणीं चुन्याची फक्की वापरतात. भिजविलेला चुना वाळवून केलेली ती भुकटी दाहक असते. धांवतां-पडतां मुलाच्या डोळ्यांत गेली, तर इजा करते. जपानच्या शिक्षण खात्यानें २००७ सालीं शाळांस सूचना धाडून अशा चुन्याऐवजीं निरुपद्रवी कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी वापरण्यास सांगितलें. पांढरी रेघ दोन्ही मारतात. पण एक डोळ्यांचा वैरी आणि दुसरी केवळ धूळ. फवाऱ्याच्या डब्यासहि त्याचे दोष आहेतच. आंतील वायु बहुधा ज्वालाग्राही असतो. बंद खोलींत तो उडवूं नये, विस्तवाजवळ नेऊं नये, रिकामा डबाहि शेकोटींत टाकूं नये. आणि रिकामा झालेला पत्र्याचा डबा हा स्वतःच एक न पुसणारी खूण आहे, हें विसरूं नये. म्हणून आमचा क्रम असा : जें काम खडूच्या कांडीनें होतें त्यास फवारा नको, जें रांगोळीनें होतें त्यास कांडीहि नको, आणि लांबलचक रस्त्यावर, थोड्या वेळांत, दुरून दिसेल अशी खूण करावयाची असेल, तेथेंच फवारा हातीं घ्यावा. नवें साधन आलें म्हणून जुनें टाकावें असें नाहीं. ऑइलपेंट मात्र टाकावा.

मग करावें काय? ‘महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम’ १९९५ पासून अस्तित्वांत आहे. नवीन कायद्याची मागणी करून आम्ही कागदांत भर घालूं इच्छीत नाहीं. आमच्या मागण्या तीनच आहेत, आणि त्या साध्या आहेत. नगरपालिकांनीं शर्यत, मिरवणूक, संमेलन ह्यांस रस्ता देतांना परवान्याबरोबर कांहीं रक्कम अनामत ठेवून घ्यावी, आणि खुणा पुसल्याचें पाहून तिसऱ्या दिवशीं ती परत करावी. खुणा राहिल्या तर त्या रकमेंतून पुसाव्या. खूण करणारानें प्रत्येक मार्गाच्या आरंभीं आपल्या मंडळाचें नांव व तारीख त्याच खडूनें लिहावी. निनांवी लिखाणास जी धीटाई येते ती नांव लिहितांना येत नाहीं. आणि शाळा-कॉलेजांनीं आपल्या उत्सवाचा शेवटचा कार्यक्रम म्हणून पारितोषिक-समारंभानंतर पाण्याच्या बादल्या व ब्रश घेऊन अंगण धुण्याचा कार्यक्रम ठेवावा, आणि त्यांत पाहुण्यांच्या पंक्तींतील मंडळींनींहि हात घालावा.

ह्या तिन्ही मागण्यांचें सार एकच आहे : ज्यानें लिहिलें त्यानेंच पुसावें. हें तत्त्व आमच्या धंद्यांत फार जुनें आहे. तास संपला, कीं शिक्षक फळा पुसून वर्गाबाहेर पडतो. आपण लिहिलेलें टाकाऊ होतें म्हणून तो पुसत नाहीं. पुढील तासास दुसऱ्या कोणास तरी त्याच फळ्यावर लिहावयाचें आहे, हें त्यास ठाऊक असतें म्हणून पुसतो. रस्ता, भिंत, डोंगर आणि गड ह्यांचाहि पुढील तास असतोच, आणि त्या तासास बसणारीं मुलें आपलींच असतात.